धरणाच्या वाटेतलं घर: बेलीफ फार्महाउसची सहाशे वर्षं

ज्यांना ऐकायला वेळ नसतो, लोकलमध्ये आवाज येत नाही किंवा इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना जे 'म्हणजे', 'तर' झालं ते थोडं छाटलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आज एका घराची गोष्ट. राजवाडा नाही, किल्ला नाही, कुठल्या लॉर्डची हवेलीही नाही. इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याचं लाकडी घर. नाव आहे बेलीफ. कोर्टाचा जप्ती आणणारा बेलिफ नव्हे बरं का, बे-लीफ, म्हणजे आपलं पुलावातलं तमालपत्र. हे घर १४०० नंतरच्या पहिल्या काही दशकांत केंट परगण्यात उभं राहिलं. साडेपाचशे वर्षं ते एकाच जागी होतं. मग तिथे धरण आलं. घर सुटं केलं गेलं, ट्रकवर चढलं आणि दुसऱ्या परगण्यात पुन्हा उभं राहिलं. आजही ते उभं आहे आणि तुम्ही आत जाऊ शकता.

पण हा भाग मी 'बघा किती छान वाचवलं' एवढं सांगायला केलेला नाही. घर वाचवताना एक प्रश्न आला होता आणि तो मला सोडत नाही. सहाशे वर्षांत घर बदलत जातं. मग वाचवायचं ते नक्की कोणत्या सालचं घर? त्या प्रश्नापर्यंत जायला आधी घर समजून घ्यायला लागेल. चला.

मरण स्वस्त, मजुरी महाग

गोष्ट सुरू होते एका साथीपासून. १३४८ मध्ये प्लेग इंग्लंडमध्ये पोचला. पुढच्या दोनेक वर्षांत देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. विचार करा, तुमच्या वाडीतल्या दर दोन-तीन घरांमागे एक घर रिकामं.

जे वाचले त्यांच्यासाठी मात्र गणित उलटं झालं. जमीन तेवढीच, पण कसणारे हात कमी. मजुरी वाढली. सरकार घाबरलं आणि १३५१ मध्ये कायदा करून मजुरीला साथीच्या आधीच्या पातळीवर अडवायचा प्रयत्न केला. फार काळ जमलं नाही. १३८१ मध्ये केंट आणि एसेक्समधूनच शेतकऱ्यांचं मोठं बंड उठलं. बंड चिरडलं गेलं, पण जमीनदारांची जुनी पकड सैल होत गेली. जमीन भाड्याने मिळायला लागली. दोन पिढ्यांत खेड्यांमध्ये एक नवा वर्ग तयार झाला. त्यांना म्हणायचे योमन. म्हणजे सरदार नाही, पण मजूरही नाही. स्वतःच्या किंवा खंडाने घेतलेल्या बऱ्यापैकी मोठ्या जमिनीवर राबणारा आणि गाठीला पैसा असणारा शेतकरी.

केंटमध्ये हा वर्ग जरा जास्तच सुखात होता. लंडनची बाजारपेठ जवळ. शिवाय तिथे वारशाची वेगळी रीत होती. बाकी इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी जमीन थोरल्याला जायची, केंटमध्ये मुलगे वाटून घ्यायचे. जमिनीवरचे हक्कही मोकळे होते.

पैसा आला की माणूस पहिल्यांदा काय करतो? घर बांधतो. हे सहाशे वर्षांपूर्वीही तसंच होतं. केंट आणि ससेक्सच्या मधल्या जंगलपट्टीला वील्ड म्हणतात. तिथे ओकची झाडं भरपूर. त्या भागात जी विशिष्ट पद्धतीची लाकडी घरं उभी राहिली त्यांना अभ्यासक 'वील्डन घर' म्हणतात. आजही अशी शेकडो घरं त्या पट्ट्यात टिकून आहेत. सहाशे वर्षं जुनी शेतकऱ्यांची घरं, तीही शेकड्यांनी! जगात फार कमी ठिकाणी असं आहे.

बेलीफ त्यांपैकीच एक. चिडिंगस्टोन गावाजवळचं.

तीन तुकड्यांचं घर

डोळे मिटून समोर उभे राहा. ऐकणाऱ्यांनी गाडी चालवत असाल तर डोळे मिटू नका.

एकच लांब, उंच, कौलारू छप्पर. त्याच्या खाली घराचे तीन भाग. दोन्ही टोकांचे भाग दुमजली. त्यांचा वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला, जणू छाती काढून उभा आहे. आणि मधला भाग मात्र आत गेलेला. छपराची पुढची कड सरळ एका रेषेत असल्यामुळे मधल्या भागावर ती अधांतरी राहते, म्हणून तिला खालून वाकडे लाकडी टेकू दिलेले. हीच वील्डन घराची ओळख. एकदा कळली की फोटोत लांबूनही ओळखता येते.

मधला भाग म्हणजे हॉल. त्याला वर मजला नाही. जमिनीपासून थेट छपराच्या आढ्यापर्यंत मोकळा. आणि या हॉलच्या मधोमध, जमिनीवर, उघडी शेगडी. चिमणी नाही. धूर वर जायचा, वाशांमध्ये घुटमळायचा आणि छपराच्या फटींतून नि टोकाच्या झरोक्यातून हळूहळू बाहेर पडायचा.

खिडक्या मोठ्या, पण काच नाही. काच शेतकऱ्याला परवडणारी नव्हती. उभे लाकडी गज आणि आतून सरकवायची किंवा लावायची झडप. वारा आला तर एका बाजूची झडप बंद, दुसऱ्या बाजूची उघडी.

हॉलच्या एका टोकाला समोरासमोर दोन दारं, एक पुढचं आणि एक मागचं. त्या टोकाच्या पलीकडे दोन छोट्या खोल्या. एक पॅन्ट्री, म्हणजे भाकरी-पावाची. दुसरी बटरी. आता बटरी म्हटल्यावर सगळ्यांना लोणी आठवतं. पण लोण्याचा काही संबंध नाही. 'बट' म्हणजे पिंप. बटरी म्हणजे पेयांची पिंपं ठेवायची खोली. बियरसारखं एल हे रोजचं पेय होतं, आणि ते तिथे.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला मालकाचं टेबल. हे 'वरचं टोक', ते 'खालचं टोक'. जमीन एकाच पातळीत, पण मान वेगळा. मालक वरच्या टोकाला बाकावर बसायचा. पाठीमागे भिंत, समोर सगळं घर, शेगडी, नोकरमाणसं आणि दार. आत कोण येतं, कोण काय करतं, सगळं दिसायचं. नोकर खालच्या टोकाला. सगळे एकाच छपराखाली, एकाच धुरात जेवायचे, पण कोण कुठे बसणार हे घराच्या लाकडातच लिहिलेलं होतं. मालकाच्या मागे त्याची खासगी बैठकीची खोली आणि त्यावर झोपायची खोली. बेलीफमध्ये त्या वरच्या खोलीला लागून बाहेर काढलेला शौचकूपसुद्धा आहे. १५०० च्या सुमाराला ही चैनच म्हणायची!

ओल्या लाकडाचं इंजिनिअरिंग

आता माझ्या आवडीचा भाग. मी कॉम्प्युटरचा बीटेक, सुताराची पटाशी कधी चालवलेली नाही. पण हे लोक ज्या पद्धतीने घर बांधायचे ती वाचताना मला सारखं वाटत होतं की अरे, हे तर आपलंच काम आहे.

पहिली गोष्ट. ते ओक वाळवायचे नाहीत. फर्निचरसाठी लाकूड वाळवतात, घरासाठी नाही. झाड तोडलं की ओलं असतानाच तासायचं. कारण ओला ओक कापायला सोपा, वाळला की दगडासारखा. मग घर उभं राहिल्यावर लाकूड वाळणार, आक्रसणार, थोडं पीळ खाणार. जुन्या लाकडी घरांच्या भिंती वेड्यावाकड्या दिसतात त्याचं हे एक मोठं कारण. घर पडायला आलंय म्हणून ते वाकडं दिसत नाही, पहिल्या काही वर्षांत ते आपल्या आकारात बसलं, म्हणून वाकडं दिसतं.

दुसरी गोष्ट. सांगाड्याच्या सांध्यांत लोखंडी खिळा नाही. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तेवढीच खाच पाडायची. जीभ खाचेत घालायची आणि आरपार भोक पाडून त्यात ओकची खुंटी ठोकायची. यात एक खुबी आहे. जिभेतलं भोक आणि खाचेच्या दोन्ही बाजूंची भोकं मुद्दाम एका रेषेत पाडत नाहीत, किंचित सरकवून पाडतात. खुंटी आत जाताना ती दोन्ही लाकडांना एकमेकांकडे ओढते. म्हणजे खुंटी नुसती धरून ठेवत नाही, ती सांधा आवळते. पुढे लाकूड आक्रसलं तरी सांधा सैल होत नाही. साधी युक्ती आहे, पण सहाशे वर्षं चाललीये.

तिसरी गोष्ट, आणि पुढच्या गोष्टीसाठी हीच सगळ्यात महत्त्वाची. घराचा सांगाडा आधी जमिनीवर आडवा मांडून तयार करायचे. प्रत्येक सांधा त्या-त्या दोन लाकडांना जुळवून कापलेला. ओकचं कुठलंच लाकूड सरळसोट नसतं, त्यामुळे एका खांबाची जीभ दुसऱ्या कुठल्या तुळईत बसणार नाही. सुटे भाग अदलाबदल करता येत नाहीत. मग सगळं सुटं करून जागेवर नेताना गोंधळ नको, म्हणून सुतार प्रत्येक सांध्यावर पटाशीने खूण कोरायचे. रोमन आकडे. एक रेघ, दोन रेघा, फुली. का? कारण पटाशीने सरळ रेघ मारणं सोपं, गोलाई कोरणं अवघड. चार लिहायला सरळ चार रेघा. तीन नंबरच्या खांबावर तीन नंबरची तुळई. थोडक्यात, असेंब्लीची सूचना घराच्या अंगावरच.

भिंती कशा? आपल्याकडे ज्याला कूड म्हणतात, अगदी तसं. खांबांमधल्या जागेत उभ्या काठ्या. त्यांची वरची टोकं आडव्या लाकडातल्या भोकांत आणि खालची टोकं पन्हळीसारख्या खाचेत सरकवून बसवलेली. त्यांच्यात आडव्या चिवट कामट्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी चिखल, शेण आणि गवताच्या काड्यांचं मिश्रण थापायचं.

लक्षात घ्या, या बांधणीत घराचं वजन भिंत उचलत नाही. सांगाडा उचलतो. भिंत फक्त वारा अडवते. म्हणून भिंत पाडा, हलवा, तिथे दार काढा, घर उभंच. आणि म्हणूनच असं घर पिढ्यान् पिढ्या बदलत राहतं.

चिमणी आली, हॉल गेला

बेलीफ एका झटक्यात बांधलेलं नाही. हॉल आणि पॅन्ट्री-बटरीचं टोक १४०५ ते १४३० च्या दरम्यानचं. मालकाच्या खोल्यांचं टोक १५०५ ते १५१० च्या आसपासचं. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं.

ही सालं कशी कळली? कुठे कागदावर लिहिलेली नव्हती. ती लाकडानेच सांगितली. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढतं. पाऊसपाणी चांगलं तर रुंद, वर्ष वाईट तर अरुंद. एकाच भागातल्या ओकांमध्ये या रुंद-अरुंद वलयांचा क्रम साधारण सारखा असतो, बारकोडसारखा. जिवंत झाडं, जुनी घरं, त्याहून जुनी घरं असे क्रम एकमेकांवर जुळवत अभ्यासकांनी शेकडो वर्षांची सलग पट्टी तयार केलीय. तुमच्या तुळईचा छोटा नमुना काढायचा, वलयं मोजायची आणि पट्टीवर कुठे जुळतात ते बघायचं.

मग १४०५ ते १४३० असा पंचवीस वर्षांचा पट्टा का, एकच साल का नाही? कारण खोडाचा बाहेरचा मऊ थर सुतार तासून टाकायचे किंवा नंतर किडे खायचे. त्या थरात किती वलयं असतील याचा अंदाज बांधावा लागतो. साल शिल्लक असेल तर झाड कुठल्या वर्षी तोडलं ते नेमकं सांगता येतं, नाहीतर पट्टा. आणि लाकूड ओलंच वापरायचे हे आपल्याला माहीत आहे, म्हणून झाड पडल्याची तारीख जवळजवळ घर उभं राहिल्याची तारीख ठरते. ती मघाची सुताराची सवय इथे इतिहासकाराच्या कामाला आली!

पुढे १५०० नंतरच्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांत एक मोठा बदल झाला. विल्यम हॅरिसन नावाचा एक पाद्री एसेक्समधल्या खेड्यात राहायचा. त्याचं इंग्लंडचं वर्णन करणारं लेखन १५७७ मध्ये छापलं गेलं. त्यात तो गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून सांगतो की त्यांच्या हयातीत तीन गोष्टी कमालीच्या बदलल्या. त्यांतली पहिली होती चिमण्यांची वाढलेली संख्या. बाकीच्या दोन म्हणजे अंथरूण-पांघरूण आणि लाकडी भांड्यांऐवजी आलेली धातूची भांडी.

चिमणी ही आपल्याला किरकोळ वाटते. पण नीट बघा. विटांची चिमणी आली की धूर नळीतून बाहेर. धूर नाही, तर हॉल आढ्यापर्यंत उघडा ठेवायची गरज नाही. मग मध्ये मजला टाका. वर नवीन खोल्या मिळाल्या. खोल्या मिळाल्या की मालक वेगळा बसतो, नोकर वेगळे. एकत्र जेवणं संपतं. जो हॉल घराचं हृदय होता, तो पुढे चपला काढायची आणि कोट टांगायची वाट बनला. आजच्या इंग्रजीत घरातला 'हॉल' म्हणजे बहुतेकदा दारातला बोळ. आपल्याकडे मात्र टू-बीएचकेच्या जाहिरातीत हॉल अजून मानाने उभा आहे.

१५७० ते १६४० या काळात इंग्लंडच्या खेड्यांतली घरं मोठ्या प्रमाणावर बदलली किंवा नव्याने बांधली गेली, असं इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये मांडलं. नंतरच्या अभ्यासकांनी सांगितलं की हे सगळीकडे एकाच वेळी झालं नाही. पण दिशा तीच होती. बेलीफही त्या वाटेने गेलं. चिमणी आली, हॉलमध्ये मजला आला.

पण जुन्या हॉलचा पुरावा मात्र वर माळ्यावर राहिला. अशा घरांच्या माळ्यावर अभ्यासक टॉर्च घेऊन चढतात आणि वाशांवर हात फिरवतात. काजळी लागली, तर खाली कधीकाळी उघडी शेगडी होती. कागदपत्रं हरवतात, काजळी राहते.

आणि मग पाणी

१९६० च्या दशकात ईस्ट सरे वॉटर कंपनीला पाण्याचा नवा साठा हवा होता. ईडन नदीचं पाणी हिवाळ्यात उचलायचं आणि साठवायचं. जागा ठरली बाउ बीच नावाची खोलगट जमीन. त्या पट्ट्यात बेलीफ होतं. त्याच्या जवळ विंकहर्स्ट नावाचं अजून एक लहान लाकडी घर होतं. धरणात जायची घरं म्हटल्यावर काय होतं हे कोणाला समजावून सांगायला नको.

पण त्याच वेळी शेजारच्या परगण्यात एक माणूस जुनी घरं वाचवायच्या खटपटीत होता. रॉय आर्मस्ट्राँग. महायुद्धानंतर क्रॉली इथे सरकारने नवं शहर वसवायला घेतलं. त्यात मध्ययुगीन लाकडी घरं पाडली जाताना त्यांनी पाहिली. मोठ्या वाड्यांना वाली असतो, साध्या माणसांच्या घरांना नसतो, हे त्यांना डाचत होतं. उघड्यावरच्या संग्रहालयाची कल्पना युरोपात जुनी होती. स्टॉकहोमचं स्कॅन्सन १८९१ पासून सुरू आहे. इंग्लंडच्या आग्नेय भागात तसं काही नव्हतं. आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सोबत्यांनी वेस्ट ससेक्समध्ये सिंगलटन गावाजवळ जागा मिळवली. जागा एडवर्ड जेम्स यांच्या वेस्ट डीन इस्टेटीतली. हे तेच जेम्स, ज्यांनी चित्रकार साल्व्हादोर दालीला पाठबळ दिलं आणि ज्यांच्यासाठी दालीने लॉब्स्टरचा रिसीव्हर असलेला टेलिफोन बनवला. तेवढाच योगायोग, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

वॉटर कंपनीने घरं संग्रहालयाला दिली. विंकहर्स्ट १९६९ मध्ये सिंगलटनला उभं राहिलं. बेलीफ १९६८-६९ च्या सुमाराला सुटं केलं गेलं आणि १९७२ मध्ये उभं राहिलं. कौलं उतरवली, वासे उतरवले, खुंट्या काढल्या. हे शक्य झालं, कारण ते घर मुळातच सुटं करून जोडण्यासाठी बनवलेलं होतं. विटांची भिंत सुटी केली की ढिगारा होतो. ओकचा सांगाडा सुटा केला की पुन्हा सांगाडाच राहतो. सुतारांनी पटाशीने मारलेल्या खुणांच्या शेजारी पाचशे वर्षांनी दुसऱ्या माणसांनी आपले नंबर दिले. जमिनीच्या ओलीने कुजलेली लाकडं होती, तिथे कुजलेला भाग कापून नवा ओक जोडला, चांगला जुना भाग तसाच ठेवला.

कोणत्या सालचं घर?

आता आला तो प्रश्न.

१९६८ मध्ये जे घर उतरवलं, त्यात १४०५-३० चा हॉल होता, १५०५-१० च्या खोल्या होत्या, नंतरची चिमणी, नंतरचा मजला, नंतरची दारं-खिडक्या. प्रत्येक थर कुणाच्या तरी आयुष्याचा. संग्रहालयाने ठरवलं की मध्ययुगीन घर पुन्हा उभं करायचं. चिमणी नको, मधला मजला नको. हॉल पुन्हा आढ्यापर्यंत उघडा, मध्ये शेगडी, खिडक्यांना गज. नंतर घराची मांडणीही १५४० च्या आसपासची केली. टेबल, बाक, पेट्या, पलंग हे त्या काळच्या नमुन्यांवरून नव्याने बनवले. बाहेर भाजीचा वाफा, फळझाडं आणि काउफोल्ड इथून आणलेलं धान्याचं कोठार.

याला पुरावा होता. नुसती कल्पना नव्हती. तुळईच्या खालच्या बाजूला चौकोनी भोकांची ओळ दिसली की तिथे गजांची खिडकी होती. काठ्यांची भोकं आणि खाच दिसली की तिथे कुडाची भिंत होती. भोकं नाहीत आणि दोन्ही बाजूंना खांब, तर दार. रिकामी खाचसुद्धा बोलते. इथे काहीतरी होतं, एवढं तरी ती सांगतेच.

पण दुसरी बाजू पण ऐका. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. तेव्हा चर्चेसची 'मूळ रूपात' डागडुजी करायची टूम होती. एक काळ निवडायचा, त्याच्या नंतरचं सगळं खरवडून टाकायचं. मॉरिस म्हणाले, हे रक्षण नाही, हा नाश आहे. नंतरचे थरही इतिहासच आहेत. इमारतीची निगा राखा, पडझड रोखा, पण घड्याळ मागे फिरवू नका.

मॉरिसच्या मापाने मोजलं तर बेलीफचं घड्याळ मागे फिरवलंय. चिमणी बांधणाऱ्या बाईमाणसांना पहिल्यांदा धुराशिवाय स्वयंपाक करता आला असेल. त्यांचं घर आज सिंगलटनला दिसत नाही. १५४० चा मालक दिसतो. त्यानंतरच्या चारशे वर्षांत त्या छपराखाली जे जन्मले नि गेले, ते दिसत नाहीत.

मग चूक झाली का? मला तसं वाटत नाही, आणि का ते सांगतो. ऑफिसमध्ये आम्ही जुना कोड हटवतो तेव्हा तो नाहीसा होत नाही, हिस्टरीमध्ये राहतो. हवा तेव्हा मागे जाऊन बघता येतो. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा प्रत्येक बदलाची नोंद असते. नोंद न करता काढलं, तर ती तोडफोड. नोंद करून काढलं, तर तो निर्णय. आणि निर्णय पुढे कुणी तपासू शकतं, त्याच्याशी भांडूही शकतं.

याचा पुरावा त्याच खोऱ्यातल्या दुसऱ्या घरात आहे.

विंकहर्स्टने मत बदललं

विंकहर्स्ट १९६९ मध्ये उभं राहिलं तेव्हा ते 'एका लहान शेतकऱ्याचं छोटं घर' म्हणून. लोक यायचे, बघायचे. म्हणायचे, बघा, बेलीफवाला श्रीमंत आणि हा बिचारा गरीब. चांगली गोष्ट होती, शाळांच्या सहलींना समजायला सोपी.

पुढच्या काळात अभ्यासकांनी इंग्लंडमधल्या अशा इतर इमारती पाहिल्या आणि विंकहर्स्टच्या लाकडांकडे परत वळले. आणि त्यांचं मत झालं की हे पूर्ण घर नव्हतंच! हे एका मोठ्या घराच्या शेजारचं स्वयंपाकघर होतं. त्या काळी आगीच्या आणि धुराच्या भीतीने स्वयंपाकघर वेगळं बांधायची पद्धत होती.

आता एखाद्या संग्रहालयाने काय केलं असतं? पाटी बदलली असती आणि विषय संपवला असता. यांनी २००० नंतर ती इमारत पुन्हा सुटी केली आणि दुसऱ्या जागी, नव्या समजुतीप्रमाणे पुन्हा उभी केली. आज ते ट्यूडर स्वयंपाकघर आहे. तिथे चूल पेटते आणि जुन्या पद्धतीने पदार्थ शिजवून दाखवतात.

मला या अख्ख्या गोष्टीत हे सगळ्यात आवडतं. तीस वर्षं लोकांना जे सांगितलं ते बदलायचं धाडस, आणि बदलता येईल अशी आधीची नोंद. दोन्ही लागतं. नुसतं धाडस असेल आणि नोंद नसेल, तर तुम्ही फक्त मत बदलता. पुराव्याला नवीन काही सांगायची संधीच मिळत नाही.

जाता जाता तीन गैरसमज

इंग्लंडची लाकडी घरं म्हटली की सोशल मीडियावर तीन गोष्टी फिरतात. तुमच्या ग्रुपवर आल्या तर हा भाग पाठवा.

एक, 'ही घरं जुन्या जहाजांच्या लाकडापासून बांधली'. क्वचित कुठे एखादं लाकूड आलंही असेल, पण ही घरं घरांसाठीच तोडलेल्या ओल्या ओकची आहेत. लोकांना लाकडात रिकाम्या खाचा आणि वाकड्या तुळया दिसतात म्हणून जहाज आठवतं. रिकाम्या खाचा म्हणजे बदललेली भिंत किंवा खिडकी, आणि वाकडी तुळई म्हणजे मुद्दाम निवडलेलं वाकडं झाड.

दोन, 'काळं लाकूड, पांढरी भिंत हा मूळ रंग'. ती झळझळीत काळी-पांढरी फॅशन बरीचशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. आग्नेय इंग्लंडमध्ये ओक बहुधा तसाच सोडलेला असायचा. ऊनपावसाने तो चंदेरी राखाडी होतो. बेलीफ आज तसंच दिसतं.

तीन, 'लाकडी घर म्हणजे कच्चं घर'. यावर मी काही बोलत नाही. सहाशे वर्षं उभं राहून, एकदा सुटं होऊन, प्रवास करून पुन्हा उभं राहिलेलं घर समोर आहे.

शेवटी

वील्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्युझियम हे त्या संग्रहालयाचं आजचं नाव. तुमच्यापैकी काहींनी ते न कळत पाहिलंही असेल. बीबीसीचा 'द रिपेअर शॉप' हा जुन्या वस्तू दुरुस्त करायचा कार्यक्रम त्याच आवारातल्या एका कोठारात चित्रित होतो. तिथेच २००२ मध्ये ओकच्या पातळ पट्ट्या वाकवून बांधलेली डाउनलँड ग्रिडशेल नावाची इमारत उभी राहिली. लाटेसारखं छप्पर. आत काय चालतं? जुन्या घरांचे लाकडी सांगाडे जमिनीवर मांडून दुरुस्त करतात. म्हणजे १४१० च्या आसपास केंटमधल्या सुतारांनी जे केलं तेच, फक्त डोक्यावर छप्पर आधुनिक.

घर हलवणं हा मात्र शेवटचा उपाय, हे विसरू नका. बेलीफ वाचलं, पण त्याची शेतं, त्याची वाट, त्याच्या दारातून दिसणारा उतार हे पाण्याखाली गेलं किंवा मागे राहिलं. सिंगलटनची टेकडी सुंदर आहे, पण ती त्या घराची नाही. जे घर आपल्या जागी उभं राहू शकतं ते तिथेच राहावं. आणि जे राहूच शकत नाही, ते पाडायच्या आधी कुणीतरी टेप, वही आणि टॉर्च घेऊन माळ्यावर चढावं, एवढं तरी व्हावं. काजळी पुसली गेल्यावर विचारायला कुणी उरत नाही.

तुमच्या आजूबाजूला एखादं जुनं घर पाडलं जाणार असेल, तर पाडायच्या आधी फोन काढा. दाराचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही सांध्यांचे काढा. तुळई खांबावर कशी बसलीय, खुंटी कुठे आहे, भिंतीत बुजवलेली खिडकी कुठे दिसते, कोणती खोली कुणी कधी वाढवली. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि रेकॉर्ड करा. घर वाचेलच असं नाही. पण पुढे कुणाला त्याबद्दल काही शोधायचं असेल, आधीचं मत बदलायचं असेल, तर त्याच्या हातात काहीतरी असेल.

आजच्यापुरतं इतकंच. भाग आवडला तर मित्रांना पाठवा, नाही आवडला तर मला कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि पुलावात तमालपत्र दिसलं की या घराची आठवण काढा.